गेम अडखळतो कशाने?

१. नेहमीचा प्रश्न

लाखभर रुपये मोजून गेमिंगचा लॅपटॉप घरी आणावा, पहिले काही महिने तो निर्वेधपणे चालावा, आणि मग एप्रिल-मेच्या सुमारास, ऐन सुट्टीत, तोच गेम त्याच लॅपटॉपवर अडखळू लागावा, असा अनुभव वरळी, परळ, लालबाग या भागांतील कित्येक घरांत येतो; आणि तो आला म्हणजे ‘एवढे पैसे घालूनही हे असे का?’ हा प्रश्न खेळणारा मुलगाही विचारतो आणि हप्ते भरणारे वडीलही विचारतात. उत्तरे लगोलग मिळतात. कोणी रॅम वाढविण्यास सांगतो, कोणी विंडोज पुन्हा टाकण्यास सांगतो, तर कोणी हा लॅपटॉप विकून नवा घेण्याची शिफारस करतो. या तिन्ही सल्ल्यांत प्रसंगविशेषी तथ्य असते, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की, कारण निश्चित होण्यापूर्वीच खर्चाची तजवीज करण्याची ही घाई आहे, आणि तीत पैसा जातो तो जातोच, शिवाय मूळ दोष जागच्या जागी राहतो.

गेम अडखळण्याची कारणे मोजकी आहेत. त्यांपैकी बहुतेक कारणे एक पैसाही खर्च न करता घरच्या घरी ओळखता येतात, फक्त तपासाचा क्रम ठरलेला असावा लागतो. तो क्रम वाचकाच्या हाती देणे, आणि वरळीसारख्या समुद्रकाठच्या वस्तीत कोणत्या कारणाचा संशय सर्वप्रथम घ्यावा हे सांगणे, एवढाच या प्रकरणाचा उद्देश आहे.

२. फ्रेम म्हणजे काय?

पडद्यावर दिसणारी हालचाल ही एकामागून एक त्वरेने दाखविलेल्या स्थिर चित्रांनी निर्माण होते, आणि यांतील प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला, त्या मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरविली जात असे आणि सेकंदाला साधारणतः सोळा ते वीस चित्रे घेतली जात. पुढे बोलपट आले, आणि आवाजाची पट्टी एकाच गतीने सरकणे अनिवार्य झाल्यामुळे सेकंदाला २४ चित्रे हा दंडक सर्वत्र रूढ झाला. आपल्याकडील पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी लागला तोही गिरगावातच, मॅजेस्टिक सिनेमात.

येथे वाचक साहजिकच विचारील की, चित्रपटाला २४ चित्रे पुरतात, तर गेमला ६० कशाला हवीत? त्याची कारणे दोन. चित्रपटाचा कॅमेरा प्रत्येक चित्र घेताना क्षणभर उघडा राहतो, त्यामुळे धावणारा मनुष्य त्या चित्रात किंचित अस्पष्ट उमटतो आणि ती अस्पष्टता दोन चित्रांमधील अंतर डोळ्याला जाणवू देत नाही. गेममधील चित्र मात्र मुळात रेखीव असते, म्हणून अंतर उघडे पडते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. चित्रपटाचा प्रेक्षक पाहतो, गेम खेळणारा कृती करतो. त्याने माऊस हलविला की त्या कृतीचा परिणाम पुढच्या चित्रातच दिसावयाचा असतो, आणि ते चित्र लांबले की हाताला यंत्र जड वाटू लागते.

सेकंदाला किती फ्रेम तयार होतात, या आकड्याला एफपीएस म्हणतात. त्याचा हिशेब मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत, केला तर पुढचे सर्व विवेचन सोपे जाते. ३० एफपीएस म्हणजे प्रत्येक चित्राला सुमारे ३३ मिलिसेकंदांची मुदत. ६० म्हणजे १६.७, आणि आजच्या गेमिंग लॅपटॉपच्या १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलू शकणाऱ्या, पडद्याचा पूर्ण उपयोग करून घ्यावयाचा तर ७ मिलिसेकंदांहूनही थोडी कमी. एवढ्या अवधीत संपूर्ण दृश्याचा हिशेब होऊन ते रंगवून पडद्यावर रुजू झाले पाहिजे.

एक सावधगिरी येथेच सांगून ठेवतो. सरासरी एफपीएस हा आकडा एकटा घेऊ नये. समजा, एका सेकंदात ५९ चित्रे प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत तयार झाली आणि साठावे मात्र ११५ मिलिसेकंद अडून राहिले. ५९ गुणिले १५ म्हणजे ८८५, त्यात ११५ मिळविले की बरोबर हजार. म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातील एफपीएसचा आकडा ६० दाखवील आणि खेळणाऱ्याला मात्र मधोमध स्पष्ट धक्का बसेल. म्हणून जाणकार लोक सरासरीबरोबरच सर्वांत संथ अशा एक टक्का फ्रेमांचा आकडाही पाहतात.

३. गिरणीतील दोन खाती

फ्रेम तयार करण्याचे काम लॅपटॉपमध्ये दोन घटकांत विभागलेले असते. प्रोसेसर हा प्रथम ठरवितो की, कोण कोठे उभा आहे, गोळी कोणाला लागली, भिंत कोठे आली. आणि या निर्णयांनुसार काय चितारावयाचे याचे हुकूम तो ग्राफिक्स कार्डाकडे धाडतो. ग्राफिक्स कार्ड त्या हुकुमांबरहुकूम पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा रंग काढते; १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या नेहमीच्या पडद्यावर असे २०,७३,६०० बिंदू असतात.

वरळीची सेंच्युरी मिल किंवा गिरणगावातील कोणतीही कापड गिरणी ज्यांनी चालू असताना पाहिली आहे, त्यांना या दोहोंचा संबंध चटकन कळेल. कताई खात्यातून सूत वेळेवर आले नाही तर विणाई खात्यातील माग रिकामे उभे राहतात, आणि अशा वेळी मागांची संख्या दुप्पट केली तरी एक वारही कापड अधिक निघत नाही. उलटपक्षी मागच संथ असतील तर सुताचा ढीग साचतो आणि कताई खात्यातील कामगार वाढवून काहीही साधत नाही. प्रोसेसर हे कताई खाते आणि ग्राफिक्स कार्ड हे विणाई खाते समजावे. कोणते खाते मागे पडले आहे, हे कळल्याशिवाय कोठेही खर्च करणे व्यर्थ होय.

ते कळण्याची कसोटी अगदी सोपी आहे. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन १९२० गुणिले १०८० वरून १२८० गुणिले ७२० वर आणावे. बिंदूंची संख्या ९,२१,६०० होते, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचे काम निम्म्याहूनही खाली येते. प्रोसेसरचे काम मात्र जवळजवळ तेवढेच राहते, कारण पडदा बारीक केल्याने शत्रूंची संख्या घटत नाही. आता एफपीएस भरघोस वाढले तर ग्राफिक्स कार्ड मागे पडत होते, आणि आकडा जागचा हलला नाही तर प्रोसेसर. गेमगणिक हा निकाल बदलू शकतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या ‘राजी’सारख्या, शिल्पांनी आणि देखाव्यांनी नटलेल्या गेमचा भार साहजिकच चित्रणावर अधिक पडतो, ‘व्हॅलोरंट’सारख्या चढाओढीच्या गेममध्ये चित्रण तुलनेने साधे असल्याने मर्यादा बहुधा प्रोसेसरची लागते.

४. केव्हा अडखळतो, ते लिहून ठेवा

आकडे पाहण्यासाठी विंडोजमध्येच विंडोज-की आणि जी ही दोन बटणे एकत्र दाबली की उघडणारा गेम बार आहे. तापमान आणि घड्याळगती सविस्तर पाहावयाची तर एमएसआय आफ्टरबर्नर किंवा एचडब्ल्यूइन्फो ही विनामूल्य साधने आहेत. परंतु त्यांच्याही आधी एक कागद घ्यावा आणि गेम सुरू केल्यापासून किती मिनिटांनी, कोणत्या प्रसंगी आणि कशा रीतीने अडखळतो हे त्यावर उतरवावे. अर्ध्या तासाची ही नोंद कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक सांगून जाते, असे माझे ठाम मत आहे.

गेम पहिल्या मिनिटापासूनच संथ असेल, तर उष्णतेचा संशय दूर ठेवून वीज, चुकीचे ग्राफिक्स कार्ड आणि सेटिंग यांकडे वळावे. पहिली दहा-पंधरा मिनिटे उत्तम चालून मग एफपीएस पायरीपायरीने उतरत असतील, तर कारण बहुतांशी उष्णता हेच. एरवी सुरळीत चालून मध्येच धक्के बसत असतील, तर मेमरी, डिस्क किंवा मागे चाललेली अन्य कामे तपासावीत. नव्याने घातलेल्या गेममध्ये पहिल्या काही फेऱ्यांतच असे धक्के बसतात, तेव्हा ग्राफिक्स कार्डासाठीच्या शेडर नामक छोट्या आज्ञावल्या त्या वेळी तयार होत असतात. ते आपोआप थांबते, त्यासाठी काही करावयाचे नसते.

आणि एफपीएसचा आकडा खाली न येता समोरचा खेळाडू जागच्या जागी उड्या घेत असेल, किंवा झाडलेली गोळी उशिरा लागत असेल, तर लॅपटॉपवर दोष ठेवू नये. तो इंटरनेटचा विलंब होय, आणि पिंग या आकड्यात तो दिसतो. मुंबईकराचे येथे भाग्य असे की, ‘व्हॅलोरंट’सारख्या लोकप्रिय गेमचे सर्व्हर याच शहरात आहेत. तेव्हा गेमच्या सेटिंगमध्ये मुंबईचा सर्व्हर निवडलेला आहे ना आणि वाय-फायऐवजी केबल जोडून फरक पडतो का, एवढे पाहिले की पुष्कळदा हा विषय निकालात निघतो.

५. वरळीची हवा

आता मुख्य कारणाकडे येऊ.

गेम चालू असताना लॅपटॉप दीड-दोनशे वॉट वीज घेतो आणि तिचे जवळजवळ सर्वच्या सर्व रूपांतर शेवटी उष्णतेत होते. स्वस्थ बसलेल्या मनुष्याच्या शरीरातून सुमारे शंभर वॉट उष्णता बाहेर पडते, हे लक्षात घेतले म्हणजे खोलीत एक लॅपटॉप गेमला लावणे हे उष्णतेच्या दृष्टीने आणखी दोन माणसे येऊन बसल्याप्रमाणे आहे. ही उष्णता दोन बोटे जाडीच्या पेटीतून बाहेर काढण्यासाठी तांब्याच्या नळ्या, त्यांना जोडलेली पातळ पत्र्यांची जाळी आणि दोन लहान पंखे एवढीच सामग्री असते. ती कमी पडली म्हणजे चिप जळू नये म्हणून यंत्र स्वतःच आपली गती कमी करते. याला थ्रॉटलिंग म्हणतात. लॅपटॉपमधील पुष्कळसे प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि पुष्कळशी ग्राफिक्स कार्डे ८७ अंशांच्या आसपास या मर्यादेला पोहोचतात.

खोलीच्या तापमानाचा येथे किती निर्णायक परिणाम होतो, हे एका साध्या हिशेबाने पाहू. समजा, वातानुकूलित दुकानात २४ अंश तापमान असताना ग्राफिक्स कार्ड ७८ अंशांवर स्थिरावले. म्हणजे पंख्यांनी आपली पराकाष्ठा करून चिप आणि हवा यांतील अंतर ५४ अंशांवर रोखले. आता तोच लॅपटॉप, तोच गेम आणि तेच पंखे, परंतु घरातील हवा मे महिन्याची, ३४ अंशांची. अंतर जवळपास तेच राहते, म्हणून चिप ८८ अंशांकडे जाऊ पाहते, मर्यादा ओलांडते आणि गती उतरविते. लॅपटॉपात काहीही बिघडलेले नाही, तरी एफपीएस घसरले. दुकानात सुरळीत चालणारा गेम घरी अडखळतो, त्याचे हे सर्वसाधारण कारण होय.

वरळीतील बीडीडी चाळींचे उदाहरण घ्या. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने कामगारवर्गासाठी बांधलेल्या या तळमजला अधिक तीन मजल्यांच्या इमारतींपैकी १२१ एकट्या वरळीत उभ्या राहिल्या, आणि १६० चौरस फुटांच्या त्या एकेका खोलीत तीन-तीन पिढ्या नांदल्या. आता पुनर्विकासामुळे ही वस्ती पालटत आहे, परंतु ज्या खोलीत स्वयंपाक, अभ्यास, झोप आणि खेळ हे सारे एकाच जागी होते, तेथे लॅपटॉपला टेबल मिळत नाही. तो गादीवर, मांडीवर किंवा पोटमाळ्यावर जातो. लॅपटॉप हवा घेतो ती प्रायः तळाच्या जाळीतून, आणि गादीवर ठेवताच ही जाळी कापडाने बंद होते. पोटमाळ्यावर खोलीतील सर्वांत उष्ण हवा साठलेली असते, कारण ऊन हवा वर चढते, आणि त्या बंदिस्त जागेत लॅपटॉपने बाहेर टाकलेली हवा तो पुन्हा आत ओढतो. म्हणून पहिला उपाय हा की, लॅपटॉप खाली, खिडकीच्या बाजूस, लाकडी पाटावर किंवा कठीण फळीवर ठेवावा, मागची कड दोन जाड पुस्तकांवर इंच-दीड इंच उचलावी, आणि टेबलफॅनचा वारा उष्ण हवा निघण्याच्या झरोक्यावरून आडवा जाईल असा सोडावा. पंखा हवेचे तापमान उतरवू शकत नाही, तथापि सांडलेली उष्ण हवा तो यंत्राजवळ रेंगाळू देत नाही, आणि एवढ्यानेही काही अंशांचा फरक पडतो.

दमटपणाविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. दमट हवेत आपला जीव कासावीस होतो तो घाम वाळत नाही म्हणून. लॅपटॉपला घाम येत नाही, त्यामुळे दमटपणाचा त्याच्या थंड होण्यावर तात्काळ असा परिणाम नगण्यच असतो. परिणाम होतो तो सावकाश, आणि मिठाच्या वाटेने. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर क्षारांचे सूक्ष्म कण घरात येतात, पंखे ते धुळीबरोबर आत ओढतात आणि ते पत्र्यांच्या जाळीवर बसतात. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील बाष्प शोषून आपोआप विरघळू लागते. पावसाळ्यात बरणीतील मिठाला पाणी सुटते ते याच नियमाने, आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता या सीमेच्या वरच असते. असे ओलावलेले क्षार कोरड्या धुळीला चिकट करतात आणि पुढच्या हिवाळ्यात तो लेप वाळून घट्ट होतो. वरळी सी फेसकडे किंवा कोळीवाड्याकडे खिडकी असलेल्या घरातील दोन-तीन वर्षे न उघडलेला लॅपटॉप उघडून पंखा बाजूला केला, तर त्याच्या तोंडाशी, जाळीवर, करड्या रंगाचा, नखाने सोलून काढता येईल असा नमद्यासारखा थर पुष्कळदा दिसतो. पंखा जोराने फिरत असतो, आवाजही मोठा येत असतो, पण झरोक्यापाशी हात धरला तर वारा लागत नाही. आवाज मोठा आणि वारा थोडा, ही या दोषाची बिनचूक खूण समजावी.

साफसफाई दुरुस्तीच्या दुकानातून करून घेणे श्रेयस्कर. वॉरंटी चालू असेल तर ती कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रातूनच करावी, अन्यथा वॉरंटीविषयी तंटा उद्भवू शकतो. ज्याला घरी करावयाची असेल त्याने चार्जर काढावा, लॅपटॉप पूर्ण बंद करावा, तळाचे झाकण उघडल्याबरोबर प्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत आणि मगच ब्लोअरने थोडाथोडा वारा मारावा. पाती मोकळी सोडून वारा मारल्यास पंखा अतिवेगाने फिरून त्याचे बेअरिंग निकामी होऊ शकते. तोंडाने फुंकू नये, कारण श्वासातील बाष्प आत जाते. चिप आणि तांब्याची नळी यांच्या दरम्यान जी थर्मल पेस्ट असते ती काही वर्षांनी वाळते, तेव्हा त्याच भेटीत तीही बदलून घ्यावी. उन्हाळा लागण्यापूर्वी, फेब्रुवारीच्या अखेरीस, हा कार्यक्रम दरवर्षी करणे समुद्रकाठी राहणाऱ्यांना इष्ट आहे.

सफाई करूनही उष्णता आटोक्यात येत नसेल, तर एफपीएसवर ६० ची मर्यादा घालावी. नव्वदपर्यंत चढून पंचेचाळीसपर्यंत कोसळणाऱ्या गेमपेक्षा अखंड साठाने चालणारा गेम खेळावयास कितीतरी सुखावह असतो, आणि यंत्रही कमी तापते.

६. वीज पुरेशी पोहोचते काय?

वरळीला वीज बेस्टची येते आणि ती २३० व्होल्टची असते. लॅपटॉपचा चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत कोणत्याही दाबावर चालतो, म्हणून दाब थोडा कमी-अधिक झाल्याने एफपीएस उतरत नाहीत. सैल बसलेली पिन किंवा जुने एक्स्टेन्शन मात्र बाधते, कारण क्षणभर पुरवठा तुटला की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि त्यासरशी गती घटवितो.

बॅटरीवर गेम का चालत नाही, याचाही हिशेब सरळ आहे. विमानप्रवासाच्या नियमांमुळे लॅपटॉपची बॅटरी सहसा १०० वॉट-तासांच्या आत ठेवलेली असते. १८० वॉटच्या भारावर ती जेमतेम अर्धा तास टिकेल, शिवाय एवढा प्रवाह सतत देणे तिच्या प्रकृतीस मानवत नाही. म्हणून चार्जर काढताच यंत्र ग्राफिक्स कार्डाची वीज घटविते, आणि काही लॅपटॉपांत तर बॅटरीवर ३० एफपीएसची मर्यादाच लागू होते. टाइप-सी पद्धतीचा ६५ वॉटचा लहान चार्जर जोडल्यासही हाच प्रकार घडतो. बॅटरी भरत असल्याचे चिन्ह दिसते, त्यामुळे मनुष्य निर्धास्त राहतो. लॅपटॉपबरोबर आलेला मूळचा जड चार्जरच वापरावा, आणि विंडोजमध्ये तसेच कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये कामगिरीचा म्हणजे परफॉर्मन्सचा पर्याय निवडलेला असल्याची खातरजमा करावी. पंख्याचा आवाज नको म्हणून सायलेंट ठेवून विसरलेले कितीतरी लॅपटॉप विनाकारण दुरुस्तीला जातात.

७. दोन ग्राफिक्स कार्डांचा घोटाळा

गेमिंग लॅपटॉपमध्ये बहुधा दोन ग्राफिक्स कार्डे असतात. एक प्रोसेसरमध्येच अंतर्भूत, वीज वाचविणारे, पत्रव्यवहार आणि चित्रपट यांपुरते. दुसरे स्वतंत्र आणि समर्थ. कोणत्या कामाला कोणते लावावयाचे हे विंडोज ठरविते आणि कधीकधी गेम दुबळ्या कार्डाच्या स्वाधीन होतो. टास्क मॅनेजर उघडून गेम चालू असताना कोणत्या कार्डाचा आलेख चढतो ते पाहावे. चुकीचा चढत असेल तर सेटिंग, सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स या क्रमाने जाऊन त्या गेमसमोर हाय परफॉर्मन्स हा पर्याय नोंदवावा. दोन मिनिटांचे काम आहे, आणि एफपीएस कित्येक पटींनी वाढल्याची उदाहरणे याच दोषात आढळतात.

त्याच डिस्प्ले विभागात पडद्याची गती १४४ वर आहे की ६० वर पडून राहिली आहे, तेही पाहून घ्यावे.

८. मेमरी आणि मधले धक्के

रॅमच्या बाबतीत लोक किती जीबी एवढेच विचारतात. किती पट्ट्या, हे विचारीत नाहीत. बरेच लॅपटॉप एकच पट्टी बसवून विकले जातात आणि दुसरी खाच रिकामी असते. दोन पट्ट्या असल्या म्हणजे प्रोसेसरला माहिती दोन मार्गांनी एकदम मिळते. म्हणून १६ जीबीची एक पट्टी आणि ८ जीबीच्या दोन यांत बेरीज सारखी असूनही दुसरी रचना अधिक जलद ठरते. टास्क मॅनेजरच्या मेमरी या पानावर किती खाचा भरल्या आहेत हे स्पष्ट लिहिलेले असते. तिसऱ्या विभागातील कसोटीत दोष प्रोसेसरचा निघाला आणि खाच रिकामी आढळली, तरच लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजाराची वाट धरून दुसरी पट्टी घ्यावी. हा खर्च सत्कारणी लागतो.

ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी निराळी असते आणि ती वाढविता येत नाही. चार किंवा सहा जीबीच्या कार्डावर टेक्स्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागांवरील चित्रे, अत्युच्च ठेवले की ती ओसंडते, उरलेला माल संथ मार्गाने मुख्य रॅममधून आणावा लागतो, आणि प्रत्येक वळणावर धक्का बसतो. येथे टेक्स्चर एक पायरी खाली घेणे हाच उपाय. गेम जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर तो एसएसडीवर हलवावा.

९. सेटिंगची तडजोड

सर्व सेटिंग सरसकट खाली आणण्याची आवश्यकता नसते. सावल्या आणि रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा प्रत्यक्ष हिशेब, ही दोन कलमे सर्वांत महाग असून ती कमी केल्याचे खेळण्याच्या भरात फारसे लक्षातही येत नाही. एनव्हिडियाचे डीएलएसएस किंवा एएमडीचे एफएसआर उपलब्ध असेल तर क्वालिटी या पायरीवर अवश्य वापरावे. १०८० च्या पडद्यासाठी त्या पायरीवर गेम आत १२८० गुणिले ७२० चेच चित्र काढतो आणि ते वाढवून पडद्यावर मांडतो.

व्ही-सिंक, म्हणजे प्रत्येक चित्र पडद्याच्या फेरीशी जुळवून दाखविणे, या कलमाविषयी मात्र दक्ष राहावे. पडदा ६० हर्ट्झचा असेल आणि चित्र तयार होण्यास १६.७ ऐवजी १७ मिलिसेकंद लागत असतील, तर जुन्या पद्धतीचे व्ही-सिंक त्या चित्राला पडद्याच्या पुढच्या फेरीपर्यंत, म्हणजे ३३ मिलिसेकंदांपर्यंत, थांबवून ठेवते. परिणामी ५९ मिळावयाचे तेथे ३० मिळतात. एफपीएस अगदी तीसवरच खिळून राहिले असतील, तर हे कलम आधी तपासावे.

ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अद्ययावत असावा. तथापि नवा ड्रायव्हर घातल्याच्या दिवसापासूनच त्रास सुरू झाला असेल, तर निःसंकोच मागचा ड्रायव्हर परत आणावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलापुढे आकडा लिहून ठेवावा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने गुण आला ते कधीच कळणार नाही.

१०. यंत्राची सीमा, आणि पुढील खरेदी

हे सर्व करूनही आकडा हलला नाही, तर ती त्या यंत्राची सीमा आहे असे समजावे. जवळजवळ सर्वच लॅपटॉपांत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डला कायमचे जोडलेले असतात. ते बदलून देतो असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. वाढविता येतात ती बहुधा रॅम आणि एसएसडी एवढीच, आणि काही पातळ लॅपटॉपांत रॅमही नाही.

म्हणून खरी काळजी खरेदीच्या वेळीच घ्यावयाची. एकाच नावाचे ग्राफिक्स कार्ड निरनिराळ्या लॅपटॉपांत निरनिराळ्या विजेवर चालते: आरटीएक्स ४०६० या लॅपटॉप-कार्डासाठी एनव्हिडियाने ३५ पासून ११५ वॉटपर्यंतची मुभा ठेवलेली आहे, आणि ३५ वॉटचे कार्ड नावाने तेच असले तरी ११५ वॉटच्या कार्डाइतके काम करू शकत नाही. खोक्यावर नाव ठळक अक्षरांत असते, वॉट बहुधा नसतात. तेव्हा वाचकांना माझी विनंती आहे की, लॅपटॉप घेताना ग्राफिक्स कार्ड किती वॉटचे, रॅमच्या पट्ट्या किती आणि रिकामी खाच आहे किंवा नाही, या तीन गोष्टी विक्रेत्याकडून लेखी घ्याव्यात, आणि त्या मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.